पिराजी मास्तरांचे पाच तुकडे

“ओ पावणं, झोपायचंच असंल तर घरला जावा की. तिकीट कशाला काढलासा?”

डोअरकीपरनं बॅटरीचा झोत थेट तोंडावर धरला, तरी पिराजी मास्तरांनी डोळे उघडले नाहीत. नुसता हात वर करून त्याला गप्प राहायची खूण केली.

“झोपलो न्हाय. ऐकतोय.”

“ऐकायला घरात रेडिओ न्हाय व्हय?” असं पुटपुटत डोअरकीपर निघून गेला. मास्तरांनी पुन्हा कान लावले. पडद्यावर काय चाललं होतं ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि जाणून घ्यायचंही नव्हतं. पात्रांचं बोलणं केव्हाच थांबलं होतं. आधी एकटी बासरी, मग खालच्या पट्टीत व्हायोलिनं, आणि मग एकदम चाळीस-पन्नास माणसांचा वाद्यमेळ उठला होता. मास्तरांची बोटं गुडघ्यावर चालत होती. आजूबाजूला बायका हुंदके देत होत्या, पदर नाकाला लागले होते. मास्तरांना ते ऐकू येत होतं, पण त्यांच्या लेखी तो तालाबाहेरचा आवाज होता.

सन पंच्याण्णवचा श्रावण चालू होता, आणि या एका तुकड्यासाठी मास्तर त्या टॉकीजात तिसऱ्यांदा येऊन बसले होते.

पिराजी मास्तर म्हणजे नवरंग ब्रास बँडचे मास्तर. क्लॅरिनेट त्यांचं. मागे अठरा माणसं, लाल कोट, खांद्यावर सोनेरी दोऱ्या आणि शनिवार पेठेत सरावाची एक पत्र्याची खोली. लग्न ठरलं की हॉलच्या आधी नवरंगची तारीख बघणारी घरं तेव्हा कोल्हापुरात होती. वरातीत वाजवायची ती गाणी. मास्तर नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघून लय वाढवत, म्हाताऱ्यांसाठी जुनं काढत, पोरांसाठी नवं, आणि त्यात त्यांना काही कमीपणाही वाटत नसे. पण त्यांचा जीव अडकला होता तो दुसरीकडे. सिनेमात गाणं नसतं, कुणी बोलत नसतं, तेव्हा मागे जे वाजत असतं त्यात.

“लोकास्नी ते ऐकूच येत न्हाय,” असं ते बँडातल्या माणसांना सांगत. “रस्त्यावरनं चालावं तसं लोकं त्याच्यावरनं चालत्यात. रस्त्याकडं कोण बघतंय?”

वर्षभर ते असे सिनेमे ऐकत हिंडायचे. डोळे उघडे असले की कान झोपतात, हा त्यांचा सिद्धांत. म्हणून डोळे मिटून बसायचं, घरी येऊन सारेगममध्ये उतरवायचं आणि त्यातले वर्षाचे पाच उत्तम तुकडे निवडून, एक ते पाच क्रमांक लावून, जाड पुठ्ठ्याच्या वहीत मांडायचे. सिनेमाचं नाव ते लिहीत नसत. ऐकताना जे मनात दिसेल तेच तुकड्याचं नाव. ‘जिन्यावरचा पाऊस’, ‘पोस्टमनला उशीर’, ‘आजोबा चष्मा शोधतात’. त्यातला ‘पोस्टमनला उशीर’ हा खरं तर दरोडेखोरांच्या पाठलागाचा तुकडा होता, हे ट्रंपेटवाल्या बाळासोनं वर्षभरानं सांगितलं.

“असंल,” मास्तर म्हणाले. “मला पोस्टमनच दिसला.”

सगळी खोली हसली, आणि मास्तरही हसले.

खंडेनवमीला लोक हत्यारं पुजतात, नवरंगच्या खोलीत वाद्यं पुजली जायची. सतरंजीवर क्लॅरिनेट, ट्रंपेटं, ढोल, अगदी खुळखुळेसुद्धा ओळीनं मांडायचे, हळदकुंकू लावायचं, झेंडूच्या माळा घालायच्या, नारळ फोडायचा. मग दार लावून घेऊन अठरा माणसं ते पाच तुकडे वाजवायची. पन्नास माणसांचं वाजवणं अठरांत बसवताना मास्तरांचा घाम निघायचा. व्हायोलिनं नव्हतीच, ती क्लॅरिनेटनं भागवायची. ऐकायला बाहेरच्या कुणाला बोलवायचं नाही आणि हे पाच खोलीबाहेर कधी वाजवायचे नाहीत, अशी रीत मास्तरांनीच घातली होती. वर्षभर लोकांच्या पायांसाठी वाजवतो, एक दिवस आपल्या कानांसाठी, असं त्यांचं म्हणणं.

त्या वर्षी पहिला क्रमांक श्रावणातल्या त्या तुकड्याला मिळाला. बाळासो म्हणत होता, दुसरा द्या. का, ते नीट सांगेना. मास्तरांनी ऐकलं नाही. फार दिवसांनी कुणीतरी आपल्या घरी येतंय, अंगणातली माणसं उठून उभी राहताहेत, असं त्यांना त्यात लख्ख दिसलं होतं. वहीत त्यांनी नाव लिहिलं, ‘घरी येणं’.

पुढच्या मे महिन्यात त्यांच्या एकुलत्या मुलीचं, संयोगिताचं, लग्न झालं. मुलगा गारगोटीचा, राजवीर, दूध संस्थेत नोकरीला. घरी आई चिमणाबाई आणि थोडी शेती. माणसं चांगली होती. बँड अर्थातच नवरंग. मुलीच्या बापानं मांडवात हात जोडून उभं राहायचं असतं, तोंडात क्लॅरिनेट धरून नव्हे, असं मास्तरांच्या बायकोनं, शालूबाईंनी, आठवडाभर बजावलं होतं. मास्तरांनी दिवसभर ते पाळलं. पाठवणीची वेळ झाली, जीप दारात लागली, तेव्हा मात्र डोक्यावरचा फेटा काढून शालूबाईंच्या हातात दिला आणि ते बँडापुढे येऊन उभे राहिले.

“औंदाचा पैला काढा,” ते म्हणाले.

बाळासोनं ट्रंपेट खाली घेतला. “मास्तर, ते भाईर नको. ते आपल्या खोलीतलं हाय.”

“आज पोरगीच भाईर चाललीया. तुकडा गेला तर काय झालं?”

“तसं न्हवं ओ,” बाळासो म्हणाला, आणि मास्तरांकडे बघून पुढचं त्याला बोलवेना. “बरं, काढा.”

मास्तरांनी डोळे मिटले आणि सुरू केलं. बासरीची सुरुवात त्यांनी क्लॅरिनेटवर इतकी हलकी काढली, की पंगतीतली भांडी वाजवणारी माणसंही हळूहळू थांबली. बायका रडू लागल्या. मास्तरांना ते ऐकू आलं आणि बरं वाटलं. मुलीच्या पाठवणीला बायका रडतातच, टॉकीजातही रडत होत्या. वाद्यमेळ उठायची जागा आली. मास्तरांनी छाती भरून श्वास घेतला.

“बंद करा ते,” चिमणाबाई म्हणाल्या.

मोठा आवाज होता त्यांचा, शेतात वाढलेला. “आमच्या सुनंच्या तोंडावर मड्याचं वाजवाय लागलाय व्हय? मेलेली पोरगी बैलगाडीतनं घरला आणत्यात, तवाचं हाय ते. म्या बघिटलाय पिक्चर. सगळ्या गारगोटीनं बघिटलाय.”

ट्रंपेटं थांबली. बेस थांबला. मागच्या रांगेतल्या ढोलवाल्याला काय झालं ते उशिरा कळलं, त्यामुळे त्याचे तीन-चार ठोके एकटेच पडले. मास्तरांनी डोळे उघडले. संयोगिता जीपच्या पायरीवर एक पाय ठेवून उभी होती आणि त्यांच्याकडे बघत होती. मग कुणीतरी तिला आत बसवलं आणि जीप बँडाशिवायच निघून गेली.

मांडव उतरवताना मास्तरांनी बाळासोला गाठलं. “तुला ठाऊक हुतं?”

“व्हय.”

“मग सांगायचं की.”

“म्हटलो की, भाईर नको म्हणून.”

“तसं न्हवं. सरळ.”

बाळासो दोरी गुंडाळत राहिला. “पोरीच्या पाठवणीला तसलं शब्द तोंडातनं कसं काढायचं, मास्तर?”

मास्तरांनी दोरीचं दुसरं टोक उचलून धरलं. शालूबाईंनी मात्र सरळ सांगितलं. “साऱ्या गावाला दिसलं ते तुमास्नी न्हाय दिसलं. तिकीट काढून डोळं मिटून बसायची खोड.” आणि मग त्याही रडत बसल्या.

महिनाभरानं तो सिनेमा सकाळच्या खेळाला पुन्हा लागला. मास्तर गेले आणि या वेळी डोळे उघडे ठेवून बसले. नवी नवरी विहिरीत पडते. तिला लग्नाच्याच शालूत गुंडाळून बैलगाडीतून घरी आणतात. गाडी लांबून येते, अंगणातली माणसं एकेक करून उठून उभी राहतात. मास्तरांनी जे ऐकलं होतं ते तंतोतंत तसंच होतं. कुणीतरी घरीच येत होतं. आता आपल्याला रडू येईल म्हणून ते वाट बघत राहिले. रडू आलं नाही. व्हायोलिनं अर्धी मात्रा उशिरा येतात एवढंच त्यांच्या लक्षात आलं, आणि खेळ संपून माणसं खुर्च्या आपटत बाहेर पडू लागली तेव्हा तेही उठले.

त्या दिवसापासून मास्तरांच्या आत काहीतरी बधिर झालं ते झालंच. जेवत होते, झोपत होते, सुपाऱ्या घेत होते. वाजवतही होते, पण बोटं आपली वाजवायची आणि ते लांब उभे राहून बघायचे. खंडेनवमीला वाद्यं पुजली, नारळ फोडला, खोबरं वाटलं.

“औंदाचं पाच, मास्तर?” बाळासोनं विचारलं.

“औंदा काय ऐकलं न्हाय,” ते म्हणाले आणि चपला घालून घरी गेले. पुढच्या वर्षी त्यानं विचारलं नाही.

संयोगिता सणावाराला माहेरी यायची. चिमणाबाईंची अट एकच होती, ती असेपर्यंत घरात ते वाजप निघता कामा नये. मास्तर ती येण्याआधीच क्लॅरिनेट सरावाच्या खोलीत नेऊन ठेवत. तीही कधी विषय काढत नसे. आबा, च्या घेतलासा काय, आबा, गुडघा कसा हाय, एवढंच. लग्नानंतर दोन वर्षांनी पाचव्या महिन्यात तिचं मूल गेलं. दोन हजार सालात दुसरं झालं, मुलगी होती, नऊ दिवस जगली. गारगोटीहून निरोप घेऊन आलेल्या माणसानं सगळं सांगितलं आणि शेवटी मान खाली घालून हेही सांगितलं, की चिमणाबाई म्हणतात, त्या वाजपानंच घात केला.

मास्तर म्हणाले, “बरं.” मग त्या माणसाला विचारलं, “जेवून जाणार न्हवं?” आणि शालूबाईंनी भाकरी टाकली. रात्रभर त्या उशीत तोंड खुपसून होत्या. मास्तर जागे होते, पण त्यांना काही वाटत नव्हतं, आणि वाटत नाही याची लाजही वाटत नव्हती. फक्त एक प्रश्न तेवढा होता. त्या वाजपानं घात केला असं संयोगितालाही वाटतं का? तो विचारायला हवा हे त्यांना रोज कळत होतं, आणि रोज ते दुसरंच काहीतरी बोलत होते.

दरम्यान बँडाचे दिवस सरत आले. वरातींपुढे डॉल्बी आली, ट्रॅक्टरवर भिंतीएवढे स्पीकर. अठरा माणसांची नऊ झाली. सिनेमातही आता पन्नास माणसं वाजवत नव्हती, एकच माणूस पेटीसारख्या यंत्रावर सगळ्यांचे आवाज काढतो, असं बाळासो ऐकून आला होता. एकेकाळी या बातमीवर मास्तर दोन दिवस भांडले असते. आता म्हणाले, “काढू दे.”

दोन हजार तीनच्या थंडीत संयोगिताला तिसऱ्या खेपेला सातव्या महिन्यात गारगोटीहून कोल्हापूरला आणलं. मूल वाचलं नाही. रक्त थांबेना म्हणून पिशवी काढावी लागली. ती वाचली. आता पुन्हा मूल होणार नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी मास्तर डबा घेऊन दवाखान्यात गेले. बायकांच्या वॉर्डाबाहेर बाकावर चिमणाबाई बसल्या होत्या. सात वर्षांत त्या वाळून गेल्या होत्या. मास्तर त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. आता त्या जे बोलतील ते ऐकून घ्यायचं, असं त्यांनी घरातून निघतानाच ठरवलं होतं.

“आलासा?” चिमणाबाई म्हणाल्या. “राजवीर औषधं आणाय गेलाय. जावा आत. म्या बसतो हितं.”

मास्तर हलले नाहीत.

“जावा की पावणं,” त्या म्हणाल्या. “आता बोलून काय उपेग हाय? तिला पेज चारा. माझ्या हातनं खाईना.”

संयोगिता भिंतीकडच्या खाटेवर होती. एका हाताला सलाईन, ओठ पांढरे. मास्तरांनी स्टूल ओढलं, डबा उघडला आणि चमच्यानं पेज भरवली. पाच-सहा चमचे तिनं घेतले, मग मान हलवली. मास्तरांनी डब्याचं झाकण लावलं. लावून झाल्यावर काय करायचं ते त्यांना सुचेना, म्हणून पुन्हा उघडून पुन्हा लावलं.

“संयू,” ते म्हणाले, “एक इच्यारू?”

“इच्यारा.”

“त्या वाजपाचं तुला काय वाटतं?”

ती छताकडे बघत होती. पलीकडच्या खाटेवरच्या बाईला कुणी पाणी पाजत होतं. तिनं मान तिकडं वळवली, आणि मास्तरांना वाटलं, हेच उत्तर.

“आबा, मी तीनदा गेलतो की त्या पिक्चरला,” ती म्हणाली. “मैत्रिणींसंगं. आणि खंडेनवमीला खोलीच्या भिंतीला कान लावून ऐकलेलं. तुमी पैला सूर काढलासा तवाच मला कळालं.”

“पैल्या सुराला?”

“व्हय. सासूबाईंच्या आधी. हाक मारलो असतो तर तुमी थांबला असता.”

“मग?”

“न्हाय मारलो.” ती श्वास घ्यायला थांबली. “लोकांच्या लग्नात तुमी पायांकडं बघून वाजवायचासा. लहानपणापासनं बघतोय मी. त्या दिवशी डोळं मिटलासा. म्हटलं, हे माझं हाय. कशाचं का असंना. पुरं हुंदे.”

मास्तर खाली बघत राहिले. सात वर्षं जे आतून निर्जीव होतं तिथं दुखू लागलं, आणि ते इतकं अचानक होतं की त्यांनी छातीवर हात ठेवला.

“पुरं झालं न्हाय,” ते म्हणाले.

“न्हाय झालं.”

“मला वाटलं, तूबी मला...”

“पोरं गेली ती गेली, आबा. त्यात तुमचं काय न्हाय.” तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसले नाहीत. एक हात सलाईनला होता आणि दुसरा उचलायची ताकद नव्हती. मास्तरांनी आपल्या उपरण्यानं पुसले.

“तुमी थांबलासा त्याच्या फुडं किती हुतं?” तिनं विचारलं.

“लई न्हाय. वाद्यमेळ उठतो ती एक ओळ, आणि खाली उतरायच्या दोन.”

“काढा.”

“हितं? वॉर्डात?”

“बोटांनी काढा की. मला कळंल.”

मास्तरांनी दाराकडे पाहिलं. नर्स कागद लिहीत होती. बाहेर बाकावर चिमणाबाईंची पाठमोरी मान दिसत होती. त्यांनी दोन्ही हात खाटेच्या लोखंडी कडेवर ठेवले, डावा वर, उजवा खाली, आणि बोटं छिद्रांवर असावीत तशी जुळवून घेतली. वाद्यमेळ उठायची जागा आधी आठवेना. एकदा चुकले, थांबले, पुन्हा सुरू केलं. आवाज कसलाच नव्हता. श्वास मात्र त्यांनी जिथल्या तिथं घेतले, छाती भरून, वाजवताना घेतात तसे.

संयोगिता त्यांच्या बोटांकडे बघत होती. पहिली ओळ झाली. खाली उतरायची पहिली झाली, तेव्हा तिच्या पापण्या जड होऊ लागल्या. शेवटच्या ओळीच्या मध्यावर तिला झोप लागली. मास्तरांच्या ते लक्षात आलं. त्यांनी बोटं कडेवरून उचलली नाहीत, श्वास घेतला आणि ओळ पुरी केली.